टास्कोचे रौप्यकार

मेक्सिको देशाच्या राजधानीपासून नैर्ऋत्येस सुमारे १७० किलोमीटरांवर, ग्वेरेरो राज्यातील एका डोंगरउतारावर टास्को नावाचे लहानसे शहर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,७५० मीटर आहे. पांढरीशुभ्र घरे, त्यांवर तांबड्या कौलांची छपरे, दगडगोटे बसविलेले अरुंद व चढउताराचे रस्ते आणि या साऱ्यांच्या वर मान उंचावून उभे असलेले गुलाबी दगडाचे भव्य प्रार्थनामंदिर, असे त्याचे दुरून दर्शन घडते. गावात शिरावे, तो घराघरांतून हातोडीचे बारीक ठोके ऐकू येऊ लागतात. दर शनिवारी येथे चांदीचा मोठा बाजार भरतो. कारागीर आपापल्या घरी आठवडाभर घडविलेली कंकणे, हार, आंगठ्या आणि कर्णफुले घेऊन येतात, आणि रस्त्याच्या कडेला मांडलेल्या फळ्यांवर चांदीचे ढीग लखलखू लागतात.

हा बाजार पाहणाऱ्याला सहजच वाटते की, ही कारागिरी या गावात शतकानुशतके चालत आलेली असावी. खाणी येथल्या, चांदी येथली, तेव्हा ती घडविणारे कारागीरही पिढीजात येथलेच असणार! परंतु खरी हकिकत तशी नाही. टास्कोच्या भूमीतून जवळजवळ चारशे वर्षे चांदी निघत होती. तथापि त्या चांदीला आकार देणारे हात १९३१ सालापर्यंत या गावात नव्हते म्हटले तरी चालेल. ते हात कसे तयार झाले आणि पुढे संकट आले तेव्हा काय बुडाले व काय तगले, हे समजून घेण्यासारखे आहे.

१५२१ साली एर्नान कोर्तेस याच्या सैन्याने अॅझटेक लोकांची राजधानी जिंकली आणि मेक्सिकोवर स्पेनची सत्ता सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत टास्कोच्या परिसरात स्पॅनिश लोकांनी खाणी खणण्यास प्रारंभ केला. खाणीतून निघालेली चांदी खेचरांच्या पाठीवर लादली जाई आणि डोंगर उतरून दूर निघून जाई. मेक्सिको व पेरू या प्रदेशांतील चांदीने त्या काळी साऱ्या जगाचा व्यापार चालत असे. युरोपातील व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातही उतरे आणि मोगलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पाडले जात. चांदी अशी देशोदेशी हिंडली. मात्र ती खणून काढणाऱ्या मजुराच्या घरी तिचा मागमूसही राहिला नाही.

अठराव्या शतकात होसे दे ला बोर्दा नावाच्या खाणमालकाला टास्को येथे चांदीचा मोठा साठा सापडला. त्या संपत्तीतून त्याने सांता प्रिस्का हे प्रार्थनामंदिर बांधविले. १७५१ साली सुरू झालेले हे काम १७५८ साली पुरे झाले. ‘देव बोर्दाला देतो आणि बोर्दा देवाला देतो’ अशी म्हणच त्या गावात रूढ झाली. बोर्दाच्या पश्चात ते वैभव ओसरत गेले. १९१० साली मेक्सिकोत मोठी राज्यक्रांती सुरू झाली, आणि तिच्या धामधुमीत खाणींची उरलीसुरली भरभराटही मावळली. डोंगरात एकटे पडलेले, सुंदर परंतु गरीब असे एक गाव मागे राहिले.

अशा वेळी विल्यम स्प्रॅटलिंग हा अमेरिकन तरुण तेथे आला. त्याचा जन्म १९०० साली न्यूयॉर्क राज्यात झाला होता. वास्तुशिल्पाचे शिक्षण घेऊन तो न्यू ऑर्लिन्स शहरातील ट्यूलेन विद्यापीठात तोच विषय शिकवीत असे. जुन्या इमारतींची रेखाचित्रे काढण्याचा त्याला नाद होता. १९२६ सालापासून तो उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोस जाऊ लागला, आणि तेथील लोकजीवनाची व प्राचीन शिल्पांची त्याला अशी ओढ लागली की, १९२९ साली नोकरी सोडून तो तेथेच राहावयास गेला. दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा थोर चित्रकार त्याचा मित्र होता. अमेरिकेचे मेक्सिकोतील राजदूत द्वाइट मॉरो यांनी क्वेर्नाव्हाका येथील कोर्तेसच्या राजवाड्यातील भिंतींवर चित्रे रंगविण्याचे काम रिव्हेराला दिले, ते स्प्रॅटलिंगच्या मध्यस्थीने. त्याबद्दल मिळालेल्या पैशांतून त्याने टास्को येथे एक घर विकत घेतले.

असे सांगतात की, मॉरो यांनी एकदा त्याच्याजवळ खेद व्यक्त केला होता. शतकानुशतके या गावातून अपार चांदी बाहेर गेली, पण गावाला तिचा काहीच लाभ झाला नाही, असे ते म्हणाले. ही गोष्ट स्प्रॅटलिंगच्या मनात घर करून राहिली. चांदी गावातच घडविली गेली, तर तिचे मोल गावातच राहील, हा विचार साधा होता. परंतु तो अमलात आणणे सोपे नव्हते. टास्को येथे चांदी होती, पण सोनार नव्हते. स्प्रॅटलिंगला चित्र काढता येत होते, पण चांदीचा पत्रा कसा तापवावा व कसा वाकवावा, हे त्याला ठाऊक नव्हते.

टास्कोच्या खालच्या सपाटीवर इग्वाला नावाचे गाव आहे. तेथे सोन्याचे दागिने घडविणारे कुशल कारागीर होते. त्यांपैकी आर्तेमियो नावार्रेते याला व आणखी काही जणांना स्प्रॅटलिंगने टास्कोस येण्याची गळ घातली. १९३१ साली, थोड्याशा कारागिरांनिशी, ‘लास देलिसियास’ या कार्यशाळेचा प्रारंभ झाला. रेखाचित्रे स्प्रॅटलिंगची, आणि ती धातूत उतरविणारे हात इग्वालाच्या सोनारांचे, अशी कामाची वाटणी होती. परंतु ही वाटणी नावापुरतीच होती. कागदावर ओढलेली रेषा कितीही डौलदार असली, तरी चांदी तिच्याप्रमाणे वळेलच असे नाही. कोठे पत्रा फाटेल, कोठे सांधा सुटेल, कोठे कड बोचेल, हे कारागिरालाच कळते. म्हणून चित्रकाराने कारागिराकडून धातूचा स्वभाव शिकावा आणि कारागिराने चित्रकाराकडून रेषेचा, असा उभयपक्षी विद्याभ्यास तेथे सुरू झाला.

हे काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही सराफकट्ट्यावर सोनाराची बागेसरी, मूस, ऐरण, सांडशी व कानस ज्याने पाहिली असेल, त्याला टास्कोची कार्यशाळा परकी वाटणार नाही. प्रथम चांदी मुशीत घालून वितळवीत. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियस उष्णतामानास वितळते. ती फार मऊ असते, म्हणून तीत थोडे तांबे मिसळावे लागते. हजार भागांपैकी ९२५ भाग चांदी व उरलेले बहुधा तांबे, अशा मिश्रणाला ‘स्टर्लिंग’ चांदी म्हणतात. स्प्रॅटलिंगच्या अनेक वस्तूंसाठी याहूनही शुद्ध, म्हणजे हजार भागांत ९८० भाग चांदी वापरली जाई. वितळलेल्या चांदीची लगड ओतून ती ठोकली, म्हणजे तिचा पत्रा होई. ठोकता ठोकता पत्रा ताठर बनतो. मग तो पुन्हा तापवून नरम करावा लागतो. असे किती वेळा करावयाचे, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते कारागिराच्या हाताला कळते.

पत्रा सिद्ध झाला, म्हणजे त्यावर आकृती रेखून केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने ती कापून काढीत. निरनिराळे भाग टाकणखार लावून डाक देऊन सांधीत. येथे क्षणाचाही प्रमाद चालत नाही. आच कमी पडली, तर डाक वाहत नाही. आणि निमिषभर जास्त झाली, तर चार दिवसांचे काम डोळ्यांदेखत वितळून त्याचा गोळा होतो. त्यानंतर दागिना सौम्य गंधकाम्लात उजळून कानशीने साफ करीत. खोलगट भागांना गंधकयुक्त द्रावणाने काळी झाक देत आणि उंच भाग घासूनपुसून चकचकीत करीत. त्यामुळे आकृतीतील छायाप्रकाश स्पष्ट दिसू लागे.

आता या दागिन्यांत नवीन काय होते, असा प्रश्न उपस्थित होतो. त्यापूर्वी मेक्सिकोतील श्रीमंत लोक बहुधा युरोपीय धर्तीचे दागिने पसंत करीत. तारेची अतिशय बारीक जाळी, नाजूक पानेफुले आणि मौल्यवान रत्नांची दाटी हेच त्यांचे भूषण असे. दागिन्याची किंमत त्यातील रत्नांवरून ठरे. कारागिराची कल्पकता सर्वांत शेवटी पाहिली जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात जगभरचे कलावंत याच्या उलट विचार करू लागले. इमारत असो, खुर्ची असो वा दागिना असो, तिच्यावर अनावश्यक नक्षीचा भार नसावा. ज्या पदार्थाची ती बनली आहे, त्याचे स्वाभाविक सौंदर्य दिसावे. आणि आकार स्पष्ट व उपयोगाला साजेसा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. कलेतील या प्रवाहाला आधुनिकतावाद म्हणतात. त्याच्या अनुयायांना सोन्याहून चांदी अधिक भावली, याचे नवल नाही. तिचे पृष्ठ शांत असते, आणि ती मोठ्या आकारात वापरली, तरी सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते.

टास्कोच्या आधुनिकतेला आणखी एक मूळ होते, आणि ते फार जुने होते. मेक्सिकोतील प्राचीन लोक मातीचे सपाट शिक्के करीत. त्यांवर जाग्वार, सर्प, पक्षी यांच्या आकृती अगदी मोजक्या व ठसठशीत रेषांनी कोरलेल्या असत. स्प्रॅटलिंगने या शिक्क्यांचा आणि दगडी शिल्पांचा मनःपूर्वक अभ्यास केला. हजार वर्षांपूर्वीच्या त्या रेषा आधुनिक कलावंतांना हव्या असलेल्या रेषांशी आश्चर्यकारक रीतीने जुळत होत्या. त्याच सुमारास, १९३२ सालच्या जानेवारीत, पुराणवस्तुसंशोधक आल्फोन्सो कासो यांनी माँते आल्बान येथील सातव्या क्रमांकाचे थडगे उघडले. त्यात मिश्तेक लोकांनी घडविलेले सोन्याचे अप्रतिम अलंकार मिळाले. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच या भूमीतील कारागीर धातुकलेत किती पारंगत होते, याचा तो ढळढळीत पुरावा होता. टास्कोच्या कार्यशाळेत जे घडत होते, त्याला या भूमीचाच जुना वारसा होता.

दागिन्यांत वापरलेले इतर पदार्थही मुद्दाम त्याच भूमीतले निवडले गेले. हिरेमाणकांऐवजी जांभळ्या रंगाचा अॅमेथिस्ट, ऑब्सिडियन नावाची ज्वालामुखीतून निघणारी काळी काच, आणि शिसवीच्या जातीचे गर्द रंगाचे लाकूड चांदीत बसविले जाई. कासवाचे कवचही त्या काळी वापरीत. पुढे कासवांच्या रक्षणासाठी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी झाली. शेतावरील जाड दोराचा पीळदेखील चांदीत उतरून कंकणाची शोभा वाढवू लागला. रोज नजरेसमोर असलेल्या वस्तूंत एवढे सौंदर्य आहे, हे गावकऱ्यांना प्रथमच जाणवले असेल.

कार्यशाळेचा व्याप वाढू लागला, तशी गावातील मुले तेथे उमेदवारीसाठी येऊ लागली. आरंभी झाडलोट करावी, दागिने घासूनपुसून उजळावे. मग पत्रा कापावा, डाक द्यावी. आणि हात बसला, म्हणजे संपूर्ण दागिना स्वतः घडवावा, अशा पायऱ्यांनी ती वर चढत. ज्या खाणीच्या अंधारात त्यांच्या आजापणज्यांनी आयुष्ये वेचली, तिचीच चांदी ती आता उजेडात बसून घडवीत होती. अनेक देशांतील सोनार आपल्या धंद्यातील खुब्या घराबाहेर जाऊ देत नाहीत. स्प्रॅटलिंगने मात्र तयार झालेल्या कारागिरांना स्वतंत्र कार्यशाळा काढण्यास उत्तेजन दिले. अशाने आपलेच गिऱ्हाईक कमी होईल, ही भीती त्याने बाळगली नाही.

त्याचे फळ लवकरच दिसू लागले. एक्तोर आगिलार हा त्याचा सहकारी १९३९ साली बाहेर पडला आणि त्याने ‘बोर्दा’ नावाची कार्यशाळा उघडली. त्याच वर्षी अंतोनियो कास्तियो याने आपल्या भावांसह स्वतंत्र काम सुरू केले. चांदी, तांबे व पितळ हे भिन्न रंगांचे धातू एकमेकांत असे सांधावयाचे की, ते एकाच पत्र्यावरील चित्र वाटावे, अशी एक पद्धत या भावांच्या कार्यशाळेत विकसित झाली. तिला ते ‘धातूंचे लग्न’ म्हणत. याच कास्तियोची पत्नी मार्गो ही अमेरिकेतून आलेली कुशल चित्रकर्ती होती. पुढे ती विभक्त झाली आणि १९४८ साली तिने स्वतःची कार्यशाळा काढून चांदीवर रंगीत मिन्याचे काम प्रसिद्धीस आणले.

या सर्वांत अंतोनियो पिनेदा याचे चरित्र विशेष लक्षात राहण्याजोगे आहे. त्याचा जन्म १९१९ सालचा. तामिजी कितागावा नावाचा एक जपानी चित्रकार टास्को येथे उघड्या आकाशाखाली मुलांना चित्रकला शिकवीत असे. त्या शाळेत पिनेदाची नजर तयार झाली, आणि स्प्रॅटलिंगच्या कार्यशाळेत त्याचा हात तयार झाला. १९४१ साली त्याने आपली स्वतंत्र कार्यशाळा थाटली. दागिना पेटीत कसा दिसतो, यापेक्षा तो अंगावर कसा बसतो, याकडे त्याचे लक्ष असे. वजनदार हारसुद्धा गळ्याभोवती असा वळलेला असावा की, तो घालणाऱ्याला त्याचे ओझे वाटू नये, आणि खडा असा बसवावा की, त्याला धरून ठेवणारी चांदी दिसूच नये, हे त्याच्या कामाचे वैशिष्ट्य होते. लॉस एंजलिस येथील फाउलर संग्रहालयाने २००८ साली त्याच्या दागिन्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००९ साली, तो कालवश झाला.

इकडे टास्कोच्या भाग्याला अनपेक्षित उधाण आले होते. १९३९ साली युरोपात दुसरे महायुद्ध भडकले आणि तेथून अमेरिकेत येणारा दागिन्यांचा व शोभेच्या वस्तूंचा पुरवठा आटला. अमेरिकेतील मोठमोठ्या दुकानांनी टास्कोकडे मोर्चा वळविला. मागणी इतकी वाढली की, लास देलिसियासमधील माणसांची संख्या चारशेच्या घरात गेली. वाढत्या व्यापाला भांडवल हवे, म्हणून भागभांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि बाहेरच्या लोकांनी तिचे भाग विकत घेतले. परंतु भाग गेले, तशी सत्ताही गेली. १९४५ च्या सुमारास कंपनीचा कारभार स्प्रॅटलिंगच्या हातून निसटला. युद्ध संपताच मागणीही ओसरली आणि थोड्याच काळात कंपनीचे दिवाळे वाजले. शेकडो कारागीर एकाएकी निराधार झाले. ज्या संस्थेने गावाचा कायापालट केला, तिच्याच दाराला कुलूप लागले.

येथे ही कहाणी संपली असती, तर टास्को पुन्हा पूर्ववत दरिद्री झाले असते. बोर्दाच्या पश्चात तसेच झाले होते. कारण त्याचे सारे वैभव खाणीत व दगडी इमारतीत साठविलेले होते. या वेळी मात्र परिणाम निराळा झाला. कंपनीची हिशेबवही बंद झाली. तथापि चांदी किती तापवावी व कोठे थांबावे, हे ज्ञान त्या वहीत नव्हतेच. ते कारागिरांच्या हातांत होते, आणि ते आपले हात घेऊन घरी गेले होते. कोणी ओसरीवर ऐरण मांडली, कोणी भावाच्या साह्याने लहानशी भट्टी घातली, कोणी जुन्या सोबत्याच्या कार्यशाळेत काम धरले. मोठी कार्यशाळा मोडली, परंतु गावभर अनेक लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या.

स्प्रॅटलिंगनेही धीर सोडला नाही. टास्कोच्या दक्षिणेस ‘टास्को एल व्हिएहो’ म्हणजे जुने टास्को येथील आपल्या मळ्यावर तो राहावयास गेला आणि मोजक्या कारागिरांनिशी त्याने पुन्हा काम आरंभिले. अलास्कातील मूळ रहिवाशांनाही अशाच रीतीने स्वतःच्या कलेवर उपजीविका करता यावी, अशी एक योजना अमेरिकन सरकारच्या साह्याने आखण्यात आली होती. तिच्यासाठी १९४८ साली तेथील काही तरुण हजारो किलोमीटरांचा प्रवास करून या मळ्यावर शिकावयास आले. ती योजना पुढे फळास गेली नाही. परंतु टास्कोचा अनुभव इतरांना अनुकरणीय वाटू लागला होता, हे तीवरून दिसते. १९६७ सालच्या ऑगस्ट महिन्यात टास्कोजवळ मोटारीच्या अपघातात स्प्रॅटलिंगचा अंत झाला. त्याने जमविलेल्या प्राचीन वस्तूंचे संग्रहालय आजही टास्को येथे आहे.

या हकिकतीत एक प्रश्न मात्र विचार करावयास लावणारा आहे. त्या काळचे दागिने आज अनेक देशांतील संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या पाठीमागे कार्यशाळेच्या मालकाचा ठसा उमटविलेला असतो. परंतु ज्याने तो पत्रा ठोकला, ज्याने श्वास रोधून त्याला डाक दिली, त्या कारागिराचे नाव बहुधा कोठेच आढळत नाही. आर्तेमियो नावार्रेते याचे नाव तरी इतिहासात राहिले. त्याच्या बरोबरीने बसणाऱ्या कितीकांचे तेवढेही राहिले नाही. ज्या प्राचीन कलावंतांनी ते मातीचे शिक्के प्रथम कोरले, त्यांची नावे तर कोणालाच माहीत नाहीत. म्हणून असा एखादा दागिना पाहताना तो एका माणसाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रेखाचित्र काढणारा, ते धातूत उतरविणारा आणि हजार वर्षांपूर्वी त्या रेषेचा पहिला वळसा शोधणारा, असे तिघेही त्याचे जनक आहेत.

१९३१ नंतरच्या टास्कोची खरी परीक्षा अलीकडे झाली. २००७ सालच्या जुलै महिन्यात तेथील मोठ्या खाणीत कामगारांचा संप झाला आणि चांदीचे उत्खनन थांबले. ज्या खाणींमुळे हे गाव जन्मास आले, त्यांचाच आधार सुटला. पूर्वीचे टास्को असते, तर ते ओस पडले असते. पण कारागिरांनी बाहेरून चांदी आणून काम चालूच ठेवले. एके काळी या गावात चांदी होती आणि ती घडविणारे हात नव्हते. आता गावची चांदी खाणीतच राहिली; मात्र हात आहेत, म्हणून दुरून चांदी या गावाकडे चालत येते. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस येथे राष्ट्रीय चांदी-जत्रा भरते आणि देशभरचे रौप्यकार आपले उत्तमोत्तम काम घेऊन तिला येतात.

शनिवारच्या बाजारात एखादा वृद्ध कारागीर फळीमागे बसलेला दिसतो. शेजारी त्याचा नातू कापडाने कंकण पुशीत असतो. म्हातारा ते कंकण हाती घेतो, त्याच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवितो आणि काही न बोलता परत देतो. कोठेतरी कड जराशी बोचत असते. मुलगा कानस उचलतो आणि पुन्हा कामाला लागतो.

स्वाध्याय

१. टास्को येथे चांदी असूनही १९३१ पूर्वी गावाला तिचा लाभ का झाला नाही?
२. चित्रकार व कारागीर यांनी एकमेकांपासून काय शिकणे आवश्यक होते? का?
३. चांदीचा दागिना तयार होईपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने सांगा.
४. बोर्दाच्या पश्चात गाव दरिद्री झाले. कंपनी बुडाल्यावर मात्र कारागिरी टिकून राहिली. या फरकाचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. ‘तो दागिना एका माणसाचा नव्हे,’ असे पाठात का म्हटले आहे?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करून राहणे, गळ घालणे, मोर्चा वळविणे, फळास जाणे.
७. तुमच्या गावातील सोनार, तांबट, कुंभार किंवा विणकर यांपैकी एकाच्या कार्यशाळेस भेट द्या. त्याची अवजारे व त्यांची नावे नीट पाहून-विचारून घ्या आणि त्यांविषयी पंधरा ओळी लिहा. त्या कारागिराचे नाव लिहिण्यास विसरू नका.